नावाखालची ओळ

“नावाखाली एकच ओळ बसतेय, मॅडम. काय टाकू?”

फोन गणूचा होता. हा गणू कल्याणला दगडावर नावं कोरतो. देवळांच्या देणगीदारांची, सोसायट्यांची, आणि आमच्यासारखं कोणी आलं तर मेलेल्या माणसांचीही. मी तेव्हा रामनगरात भाजीच्या दुकानात उभी होते, हातात मेथीचं पाकीट. डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या बायकांच्या सोयीसाठी भाजी निवडून, धुऊन, पाकिटात भरून मिळते. मी नोकरी करत नाही, तरी गेलं वर्षभर तीच घेते, कारण निवडत बसलं की हात चालू राहतात आणि डोकं भलतीकडे जातं. “सलिल हरिहर म्हसकर, जन्म, मृत्यू, एवढं झालंय,” गणू सांगत होता, “अक्षर झकास आलंय. पण खाली पट्टी रिकामी राहतेय, ती बरी नाय दिसत. उद्या मी गावाला चाललोय. आज सांगितलंत तर रविवारच्या आत हातात देतो.” मी म्हटलं, सांगते. तर तोच म्हणाला, “तुमच्यात ते टाकतात ना, प्रभूमध्ये विसावला? तेच टाकू का?” मी पाकीट उलटंपालटं करत राहिले. दुकानातली मुलगी माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “मावशी, निवडलेलीच आहे ती. उलटीपालटी करून काय बघताय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कोणी निवडली?” ती हसली. तिला वाटलं असेल, म्हातारी तिरसट आहे. तशी मी आहेच, पण त्या वेळी मी खरंच विचारत होते.

ती ओळ हाच आमच्या घरातला वर्षभराचा तंटा आहे. सलिल माझा मुलगा. गेल्या वर्षी डेंग्यूने गेला, ऐन सत्ताविशीत. कल्याणच्या दफनभूमीत जागा इतकी कमी की कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांनी त्याच मातीत दुसरं माणूस येतं, आणि आपल्याकडे राहते ती तिथल्या भिंतीत बसवायची फरशी. रविवारी वर्षाची स्मरणप्रार्थना आहे, त्याआधी फरशी बसायला हवी. तिच्यावर मला दोन शब्द हवे आहेत, प्रभूमध्ये विसावला. माझ्या नवऱ्याला ते नको आहेत. वाद घरादारावरून असता तर कोणी भावकीतलं मध्ये पडलं असतं, चहा पिऊन मिटवलं असतं. इथे मध्ये कोण पडणार? “तो कुठे आहे ते मला माहीत नाही, शेवंती,” नवरा म्हणतो, “आणि जे माहीत नाही ते दगडावर कोरायचं नाही.” असं म्हणताना त्याचा आवाज चढत नाही. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

नवऱ्याचं नाव हरिहर. तोंडाने मी त्याला कधी नावाने हाक मारलेली नाही, ‘अहो’च म्हणते. पण मनात मारते, आणि मनात एकेरीवरही येते. एका नावात दोन-दोन देव घेऊन हा माणूस इतकी वर्षं येशूच्या मागून चालला आहे. बाप्तिस्मा झाला तेव्हा पास्टरांनी विचारलं होतं, नाव बदलायचं का, तर म्हणाला, “कंपनीच्या पासवर हेच आहे, राहू दे.” एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो टाक्यांवरचे प्रेशरचे काटे तपासायचा. काटा जिथे असेल तोच आकडा सांगायचा, आपल्याला बरा वाटेल तो नाही, एवढं एकच शहाणपण त्याने त्या नोकरीतून घरी आणलं आणि ते आम्हा सगळ्यांना पुरून उरलं. मुलांच्या मार्कांना लावलं, माझ्या स्वयंपाकाला लावलं, आणि आता पोटच्या पोराच्या मरणालाही लावतो आहे. रसिका, आमची मुलगी, पुण्याहून फोनवर रडते, “आई, बाबांना सांग ना, दोन शब्दांनी कोणाचं काय बिघडतंय?” मी तिला काय सांगू? बिघडतं तर खरंच कोणाचं काही नाही. पण त्याच्यासाठी ते शब्द नुसते शब्द नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही नाहीत. नुसते असते तर मी त्यांच्यासाठी इतकी तडफडले नसते.

मी वाढले मोहन्याला. वडील रेयॉनच्या कंपनीत होते, आणि आमच्या कपड्यांना, भातालासुद्धा त्या कारखान्याचा उग्र वास असायचा. नाव माझं आजीने ठेवलं, शाळा वडिलांनी थांबवली, नवरा मामाने आणला, डोंबिवलीची खोली सासऱ्यांनी बघितली. मला कोणी काही विचारलं अशी एक वेळ मला आठवत नाही. सलिल पोटात होता तेव्हा शेजारची शीला मला प्रार्थनेला घेऊन गेली. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पंखा बंद, आणि उत्तम पास्टर घामाने भिजलेल्या सदऱ्यात सांगत होते, “तो दारात उभा आहे, बायांनो. ढकलून आत यायचा नाही. कडी आतल्या बाजूला आहे, ती तुम्हालाच काढावी लागेल.” मला अजून ती सतरंजी पायाखाली टोचते. कोणीतरी दारात उभं आहे आणि माझ्या हो-नाहीसाठी खोळंबलं आहे! मी घरी आले, भाकऱ्या थापल्या, आणि थापता थापता हो म्हणाले. वडिलांना कळल्यावर त्यांनी माझं मोहन्याचं दार बंद केलं. ते गेले तेव्हा भावाने मला लांब, रस्त्यावर उभं ठेवलं. मी ते सगळं सोसलं, कारण ते माझं होतं. आयुष्यात मी एवढीच एक गोष्ट निवडली होती.

मग आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विनीत आला. हुशार मुलगा, ठाण्याला इंजिनियर, चष्म्याआडून फार मायेने बघायचा. गुरुवारी बायबलच्या वचनाचा अभ्यास घ्यायला लागला. पहिल्याच महिन्यात मी त्याला माझी कडीची गोष्ट सांगितली, साक्ष म्हणून, प्रभू आपल्याला कसा भेटला ते चारचौघांत सांगतात तशी, तर तो म्हणाला, “काकू, एक विचारू? मेलेला माणूस कडी काढतो का?” मी म्हटलं, नाही. “आपण पापात मेलेलोच होतो. मग कडी कोणी काढली? तुम्ही काढलीत असं तुम्हाला वाटलं. जग निर्माण व्हायच्या आधी त्यानं तुम्हाला निवडलं होतं, म्हणून तुमचा हात कडीकडे गेला.” सगळे आमेन म्हणाले. मी घरी येऊन भांडी आपटली. बापाने निवडलं, मामाने निवडलं, सासऱ्याने निवडलं, आणि एक गोष्ट मी निवडली म्हणत होते, तर तीही माझी नाही! पण हरिहर त्या दिवशी बाल्कनीत बसून रडत होता. मी घाबरले. तो म्हणाला, “शेवंती, अगं मी काहीच केलं नाही. मला वाटायचं, माझा विश्वास कमी पडतो, एखाद्या दिवशी हात सुटेल माझा. पण मी धरलेलंच नाहीये. त्यानं धरलंय.” इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला असा सैल झालेला पाहिला नव्हता. त्याच्या मानेवरचा ताण गेला होता. मला राग होता, तरी मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो लहान मुलासारखा बसून राहिला.

एक कॅल्विन आणि एक आर्मिनियस. कुठल्या कुठली ही परदेशी माणसं, चारशे वर्षांपूर्वी मेलेली. त्यांच्यापायी डोंबिवलीत आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची वाटणी झाली. देव निवडतो म्हणणारे एकीकडे, माणूस निवडतो म्हणणारे दुसरीकडे. एकदा मिळालेलं तारण, म्हणजे पापातून झालेली सुटका, जातं की जात नाही यावर मंडळीच्या व्हॉट्सअॅपवर इतकी वचनं फेकली गेली की शीलाने फोन साडीच्या घडीत गुंडाळून ठेवला. शेवटी विनीतबरोबर अर्धी माणसं फुटली आणि ठाण्याला वर्तकनगरात एका शाळेचा हॉल घेऊन रविवारी जमू लागली. कीबोर्ड त्यांनी नेला, ढोलकी आमच्याकडे राहिली. हरिहर तिकडे गेला. मी उत्तम पास्टरांकडे राहिले. रविवारी सकाळी आम्ही दोघं एकाच प्रभूला भेटायला दोन दिशांना निघायचो आणि दुपारी एकाच ताटात जेवायचो.

सलिलला या सगळ्याची गंमत वाटायची. तो तेव्हा कॉलेजात होता. चौदाव्या वर्षी स्वतः मागून बाप्तिस्मा घेतलेला, उपासनेत गिटार वाजवणारा पोरगा. त्याची गंमत कधी संपली आणि मन कधी उठलं ते मला कळलं नाही. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. विनीतची ती निवड डोक्यात घोळत होती, म्हणून मी मोठ्याने म्हणाले, “अहो, निवडतो म्हणजे काय करतो हो? मेथी निवडली की पान आपण ठेवतो. पण तांदूळ निवडताना हात तांदळाला लागतच नाही, खड्याला लागतो. खडा निवडला जातो आणि फेकला जातो. मग निवडलेला कोण? वाचलेला की फेकलेला?” हरिहर म्हणाला, “काहीही डोकं चालवू नकोस. मूळ भाषेत शब्द वेगळा आहे.” सलिल दारात उभा राहून केळं खात होता. तो खो-खो हसला. ताटापाशी बसला, तांदळातला एक खडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, “आई, हा बघ, मी.” मी त्याच्या हातावर चापट मारली. चापटीने खडा उडून ओट्याखाली गेला, तरी तो हसतच होता. मग बापाकडे वळून म्हणाला, “बाबा, सिरियसली. मला निवडलं नसेल तर माझी चूक काय? आणि निवडलं असेल तर तुम्ही एवढं टेन्शन का घेताय?” हरिहरने बायबल त्याच्याकडे सरकवलं. तो म्हणाला, “वचन वाच.” सलिल म्हणाला, “वाचतो ना बाबा. आता काही होत नाही वाचून. मी काय करू, खोटं खोटं रडू का?” त्यानंतर त्याने गिटारीला खोळ घातली.

नोकरी लागल्यावर तो मित्रांबरोबर ठाण्यात राहायला गेला, वर्तकनगरातच, बापाच्या त्या हॉलपासून दोन गल्ल्यांवर. जागा स्वस्त मिळाली म्हणून. रविवारी मी हरिहरच्या पिशवीत डबा द्यायची. उपासना संपली की तो सलिलच्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहायचा, वर जायचा नाही. सलिल झोपेतून उठून, केस विस्कटलेला, खाली यायचा, आणि बापलेक टपरीवर चहा प्यायचे. काय बोलायचे? मी एकदा विचारलं. हरिहर म्हणाला, “काही नाही. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय, नवीन घे म्हटलं.” पुढच्या रविवारी चप्पल याने स्वतःच नेली. आणि त्याच माणसाने मंडळीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, “माझा मुलगा विश्वासात नाही, प्रार्थना करा.” सलिलच्या कानावर ते गेलं. तो मला फोनवर म्हणाला, “बाबा माझी साक्ष देतात का गं आता?” आणि हसला, पण ते हसणं तांदळाच्या दिवशीचं नव्हतं.

घरी पोहोचले तेव्हा हरिहर खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. मी पाकीट ओट्यावर टाकलं आणि गणूचं सांगितलं. “नाव आणि तारखा, तेवढं पुरे,” तो म्हणाला. मी म्हटलं, “तुम्ही चला माझ्याबरोबर. त्याच्यासमोर उभं राहून सांगा. मी फोनवरून माझ्या पोराची ओळ खोडणार नाही.” तो उठला. हल्ली तो माझं असं काही बोलणं टाळत नाही, उठून चालायला लागतो. गुडघा धरून जिना उतरला. पत्रीपुलाच्या बाजूने आम्ही रिक्षाने निघालो. रस्त्याच्या कडेला एका पतपेढीची पाटी दिसली, सोने तारण. सलिल चार-पाच वर्षांचा असताना ही अक्षरं जोडून वाचायला शिकला होता. बसमध्ये मांडीवर उभा राहून मोठ्याने विचारलं होतं, “आई, सोन्याचंपण तारण होतं?” सगळी बस बघायला लागली होती, आणि हरिहरने त्याला उचलून छातीशी धरलं होतं, हसू दाबत. मी रिक्षात हरिहरकडे बघितलं. त्याचं लक्षही त्या पाटीकडेच होतं, मान वळवून, पाटी मागे पडेपर्यंत. रिक्षावाला खड्ड्यांना शिव्या देत होता.

हॉस्पिटलातले ते दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही, पण लोक मला एकच विचारतात. शेवटी काही बोलला का? उत्तम पास्टरांनी विचारलं, विनीतने विचारलं, शीलाने तर हात हातात घेऊन विचारलं. एवढ्या बाबतीत दोन्ही मंडळ्यांची उत्सुकता एकच. शेवटच्या घटकेला एक शब्द, एक नाव, कसलीही खूण, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या हिशोबात सलिलला बसवता आलं असतं. मी पलंगापाशी होते, हरिहर पायापाशी. सलिलचे ओठ सुकले होते. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाला, “आई, पंखा कमी कर ना.” मी उठून पंखा कमी केला. परत येऊन बसले तेव्हा तो बेशुद्धीत गेला होता, आणि तो तसाच गेला. पंखा कमी कर. हे मी कोणाला सांगू? त्यात पश्चात्ताप कुठे शोधू? मी रात्रंदिवस ते वाक्य उलटंसुलटं करून बघते. त्यातून काहीच निघत नाही, फक्त माझ्या पोराला थंडी वाजत होती एवढंच निघतं.

मयताच्या चौथ्या दिवशी उत्तम पास्टर आले. माझे पास्टर, माझ्या कडीचे साक्षीदार. ते रडले, मनापासून रडले. मग म्हणाले, “बहिणी, प्रभूने त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. शेवटपर्यंत त्याला मोकळीक दिली. सलिलनं स्वतः निवडलं.” त्यांना मला धीर द्यायचा होता, देवाला दोष लागू नये म्हणून ते झटत होते. मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला. मला इतका संताप आला की मी आत जाऊन कपाटात तोंड घातलं. निवडलं? सत्तावीस वर्षांच्या पोराने, ज्याला सकाळी कुठला शर्ट घालायचा ते ठरवता येत नव्हतं, त्याने कायमचं निवडलं? आणि प्रभू, तू दाराबाहेर नुसता उभा राहिलास? माझं पोर आत तापाने फणफणलेलं, त्याला कडी सापडत नव्हती, आणि तू सभ्यपणे उभा? दार मोडायचं होतंस! मला नको तुझी ती मोकळीक. माझी इतक्या वर्षांची कडी, माझा अभिमान, सगळं घे, आणि त्याला न विचारता, त्याच्या मनाविरुद्ध, केसांना धरून आत ओढ. त्या दिवशी मी कपाटातल्या साड्यांत तोंड खुपसून विनीतच्या देवाकडे गेले. जो निवडतो आणि विचारत नाही, तोच मला हवा होता.

आणि गंमत बघा, मी तिकडे पोहोचले तर तिथे हरिहर नव्हताच. मला वाटलं होतं, आता हा म्हणेल, शेवंती, त्यानं धरलंय, तो सोडत नाही, आपला बाप्तिस्मा घेतलेला पोरगा कुठे जाणार? मी वाट बघितली. एके दिवशी मीच म्हणाले, “अहो, तुमच्या शिकवणीने तर तो सुटणारच नाही ना? चौदाव्या वर्षी धरलेला हात?” तो भिंतीकडे बघत होता. “धरलेला असता तर टिकला असता,” तो म्हणाला, “टिकला नाही, म्हणजे कदाचित धरलेलाच नव्हता. मला माहीत नाही, शेवंती. काटा दिसत नाही मला.” इतकं स्वच्छ बोलला. स्वतःच्या तारणाने ज्याची मान सैल झाली होती, तोच आता पोराच्या बाबतीत पुन्हा ताठ होऊन बसला. विनीत येऊन म्हणाला, “काका, आशा ठेवायला हरकत नाही. त्याचं न्यायीपण आपल्यापेक्षा मोठं आहे.” हरिहरने मान डोलावली. पण आशा ठेवणं आणि दगडावर कोरणं यांत त्याला फरक दिसतो. मला दिसत नाही. मी आई आहे, मला दगडावरच हवं आहे.

गणूचं दुकान म्हणजे वालधुनीच्या अलीकडे एक पत्र्याची शेड. सगळीकडे पांढरी पूड, गणूच्या पापण्यांवरसुद्धा. त्याने फरशी भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि शेजारी एका सोसायटीची भली मोठी पाटी. “या मॅडम, या साहेब,” म्हणत त्याने ओल्या फडक्याने पूड पुसली आणि माझ्या मुलाचं नाव वर आलं. सलिल. इतकं खोल कोरलेलं. मी वर्षभर त्या ओळीसाठी भांडत होते, आणि वरचं नाव बघायची तयारी केलीच नव्हती. हरिहर खाली बसला, गुडघा दुखत असताना बसला. बोटाने ‘स’ची कड चाचपली, मग ‘लि’ची वेलांटी. वेलांटीत पूड अडकली होती, ती त्याने फुंकून काढली. “कसं झालंय?” गणूने विचारलं. “चांगलं,” तो म्हणाला. “मग खाली?” गणू माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असावं, असल्या गोष्टी बायका ठरवतात.

आणि तेव्हा मी ते केलं. आधी ठरवलेलं नव्हतं. मी हरिहरच्या पाठीमागे उभी होते, त्याची मान मला दिसत होती, मागचे पांढरे केस, कॉलर झिजलेली. मी म्हणाले, “अहो, तुम्हाला सांगितलं नाही मी. सलिलने शेवटी प्रभूचं नाव घेतलं होतं. हळूच. मला ऐकू आलं.” माझा आवाज अगदी साधा आला. खोटं बोलायला इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तेवढंच पुरे आहे, एक काटा दाखवला की हा आकडा लिहील, आणि माझं पोर सुटेल. त्या क्षणी मला असंच वाटलं, की सलिल सुटणं हे हरिहरच्या होकारावर अडलं आहे.

हरिहरने मागे वळून बघितलं नाही. दगडावरचा हात तसाच ठेवून म्हणाला, “शेवंती, मी तिथंच होतो गं.” त्याच्या बोलण्यात ना राग, ना ठपका. “पंखा कमी कर म्हणाला तो.” म्हणजे त्यालाही ते वाक्य पाठ होतं. एकाच घरात, एकाच भिंतीकडे बघत, वर्षभर आम्ही दोघं तेच वाक्य उलटंसुलटं करत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो. मी त्याच्या शेजारी त्या पुडीत खाली बसले, साडीची पर्वा न करता. गणू म्हणाला, “पाणी देऊ का, मॅडम?” हरिहर म्हणाला, “थांब भाऊ. जरा प्रार्थना करतो.”

त्याची प्रार्थना मला ठाऊक आहे. कोरडी, नेमकी, अर्ज लिहिल्यासारखी. आधी देवाची थोरवी, मग आपली अपात्रता, मग मागणं. तशीच सुरू झाली. “हे सार्वभौम पित्या, तू जे करतोस ते योग्य करतोस,” असं म्हणाला, आणि अडकला. मी डोळे उघडले. त्याचे मिटलेले होते, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग एकदम, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, “सलिलला वाचव,” तो म्हणाला. “बापा, माझ्या सलिलला वाचव. त्याला थंडी वाजतेय.”

आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, वर्षाची स्मरणप्रार्थनाही मागे उरलेल्यांसाठीच असते. उत्तम पास्टर करत नाहीत आणि विनीतही करत नाही, त्या बाबतीत दोघांचं एकमत आहे. माणूस गेला की झालं, पुढे मागायला काही उरत नाही. हे हरिहरला माझ्याहून जास्त माहीत आहे, त्याने ते गुरुवारच्या अभ्यासात दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. तरी तो म्हणत राहिला, वाचव, वाचव, कोणीतरी अजून पाण्यात आहे आणि काठावरून हाका मारायच्या आहेत तसा. गणू हात जोडून उभा राहिला होता. मध्येच हळू आवाजात त्याने मला विचारलं, “मॅडम, हे तर गेलेले ना?” मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला आठवत नाही. मी हरिहरचा पुडीने भरलेला हात धरला आणि आमेन म्हणाले.

तो उठला तेव्हा माझ्या खांद्यावर भार टाकून उठला, रुमालाने तोंड पुसलं, चष्मा घातला. गणूने छिन्नी हातात घेतली होती. “मग साहेब, खाली काय टाकू? की पट्टी कापून टाकू?”

“नको, कापू नकोस,” हरिहर म्हणाला. “जागा ठेव. अजून ठरलेलं नाही.”